चांदीवरचा मतदार

एक माणूस किंचित वाकून खाली उभ्या असलेल्या सेवकाच्या हातून मतपट्टी घेतोय. त्याच्या पुढे गेलेला दुसरा माणूस आपली पट्टी पेटीत टाकतोय. दोघं एका चिंचोळ्या पुलावर आहेत. दोघांच्याही अंगावर टोगा, म्हणजे रोमन नागरिकाचं अंगभर पांघरायचं वस्त्र. चेहरे ओळखू येत नाहीत, कारण ते कोण आहेत हे इथं महत्त्वाचंच नाही. हे सगळं दृश्य चांदीच्या ज्या तुकड्यावर आहे तो आजच्या आपल्या रुपयाच्या नाण्याहून जरा लहानच, आणि वजनाला जेमतेम चार ग्रॅम. जुन्या हिशेबात सांगायचं तर तोळ्याचा तिसरा हिस्सा.

हे रोमन प्रजासत्ताकाचं देनारियस, म्हणजे चांदीचं नाणं. इ.स.पू. ११३-११२च्या सुमाराला पब्लियस लिसिनियस नेर्व्हा या टांकसाळ-अधिकाऱ्यानं पाडलेलं. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम नगरीची देवी, आणि मागे हा मतदानाचा प्रसंग. माझ्याकडे एकही रोमन नाणं नाही आणि असावं अशी ओढही नाही. मी नुसती बघणारी. संग्रहालयांनी नाण्यांची छायाचित्रं इतकी मोठी आणि स्वच्छ करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत की तळहाताएवढ्या पडद्यावर त्या पुलावरच्या माणसाच्या टोग्याच्या चुण्या मोजता येतात. हजारो नाणी बघून झाल्यावरही मी पुन्हा पुन्हा याच नाण्यापाशी येते. जगातल्या इतक्या राजांनी, सम्राटांनी आणि देवांनी नाण्यावरची ती इवलीशी जागा अडवली, पण मत देणाऱ्या साध्या माणसाला तिथं जागा मिळाल्याचं उदाहरण फार विरळा.

तो पूल काही कल्पनेतला नाही. रोममध्ये मतदार खरोखरच एका उंचवट्यावरच्या अरुंद मार्गिकेवरून चालत जाऊन मत टाकत. त्याला नावच 'पूल' असं होतं. आधी मत तोंडी सांगावं लागे, सगळ्यांसमोर. ज्याच्या आश्रयावर आपलं पोट, त्याच्यादेखत त्याच्याविरुद्ध मत द्यायला किती जणांचं धाडस होणार? इ.स.पू. १३९मध्ये गाबिनियसच्या कायद्यानं निवडणुकांसाठी गुप्त मतदान आलं. दोन वर्षांनी कॅसियसच्या कायद्यानं ते लोकन्यायालयांत आलं आणि इ.स.पू. १३१मध्ये कायदे मंजूर करतानाही लागू झालं. तरी बडी माणसं पुलावर घुटमळत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पट्टीत डोकावत. म्हणून इ.स.पू. ११९मध्ये ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांचा प्रतिनिधी, असलेल्या मारियसनं कायदा करून ते पूलच अरुंद करायला लावले, म्हणजे मतदाराशेजारी दुसरा माणूस उभाच राहू नये. नेर्व्हाचं नाणं त्यानंतर सहा-सात वर्षांचं. तो नाण्यावरचा पूल इतका चिंचोळा का दिसतो, हे एकदा कळलं की चित्र जिवंत होतं. नाण्यावरच्या मतदाराजवळ कोणीही उभं नाही.

हे मतदान सगळ्यांचं होतं असं मात्र नाही. स्त्रिया नाहीत, गुलाम नाहीत आणि काही सभांमध्ये श्रीमंतांच्या गटांची मतं आधी मोजली जात. निकाल लागला की बाकीच्यांची पाळीही येत नसे. तरीसुद्धा त्या एका मतपट्टीचा अभिमान एखाद्या घराण्याला चांदीवर कोरून ठेवावासा वाटला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पन्नासेक वर्षांनी लुसियस कॅसियस लाँजिनस या दुसऱ्या अधिकाऱ्यानं हाच विषय पुन्हा घेतला. त्याच्या नाण्यावर एकच मतदार आहे आणि तो पेटीत जी पट्टी सोडतोय तिच्यावर 'व्ही' अक्षर स्पष्ट वाचता येतं. 'तू मागतोस तसं होवो', म्हणजेच प्रस्तावाला होकार, याचं ते आद्याक्षर. गुप्त मतदानाचा न्यायालयीन कायदा आणणारा कॅसियस हा याच्याच घराण्यातला.

हे घराण्याचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय ही नाणी कळत नाहीत. देनारियस आलं ते इ.स.पू. २११च्या सुमाराला, कार्थेजच्या हॅनिबल या सेनापतीबरोबरच्या युद्धात रोमची तिजोरी पार खंगलेली असताना. सुरुवातीची नाणी सगळी एकसारखी: पुढे रोमा, मागे घोड्यांवरून दौडणारे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव. त्याची किंमत दहा 'आस' ही तांब्याची नाणी, म्हणून रोमाच्या मानेमागे दहाचा रोमन आकडा. टांकसाळ कॅपिटोल टेकडीवर, जुनो मोनेता देवीच्या देवळाजवळ. दरवर्षी तीन तरुणांची तिथं नेमणूक व्हायची. राजकारणातली ती पहिली पायरी. पुढे निवडणुका लढवायच्या, लोकांनी नाव ओळखायला हवं आणि हातात तर अख्ख्या देशाच्या खिशात जाणारं चित्र आहे. मग इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू जुळे देव मागे पडले आणि प्रत्येक जण आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी नाण्यावर सांगू लागला.

कोणी रोमच्या दंतकथेतल्या संस्थापक जुळ्यांना, रोम्युलस-रीमसला, दूध पाजणारी लांडगीण दाखवली आणि शेजारी त्यांना वाढवणारा मेंढपाळ उभा केला, कारण अधिकाऱ्याच्या नावातच त्या मेंढपाळाची आठवण होती. साबाइन या रोमच्या शेजारच्या लोकांच्या वंशाचा अभिमान असलेल्या टिट्युरियस साबिनसनं साबाइन स्त्रियांचं हरण दाखवलं आणि शत्रूला फितूर होऊन त्याच शत्रूच्या ढालींखाली गाडली जाणारी तार्पेया. पण मामिलियस लिमेटानसच्या इ.स.पू. ८२च्या नाण्यापुढे मला हे सगळं फिकं वाटतं. मामिलियस घराणं आपलं मूळ युलिसिसपर्यंत, म्हणजे ग्रीकांच्या ओडिसियसपर्यंत नेत असे. आता युलिसिससारखा पूर्वज हाती असल्यावर ट्रॉयचा घोडा दाखवता आला असता, एकडोळ्या राक्षसाचा पराभव दाखवता आला असता. याने काय निवडलं? वीस वर्षांनी घरी परतलेला, भिकाऱ्याच्या वेशातला, काठी टेकत चाललेला दमलेला माणूस आणि त्याच्याकडे मान वर करून बघणारं त्याचं कुत्रं. घरातल्या कोणीही अजून आपणहून ओळखलेलं नाही, कुत्र्यानं ओळखलंय. युलिसिसचा हात त्याच्याकडे किंचित पुढे आलाय. नाण्याची कड करवतीसारखी दातेरी कापलेली आहे आणि त्या दातऱ्यांच्या आत हा क्षण बसवलाय. ज्या कारागिरानं ठशात हे उलटं कोरलं त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. त्यानं कुत्र्याची शेपूटसुद्धा विसरलेली नाही.

या कारागिरांची हत्यारं मात्र एका नाण्यावर आहेत. इ.स.पू. ४६मध्ये टिटस कॅरिसियसनं पुढे जुनो मोनेताचं मुख आणि मागे ऐरण, चिमटा, हातोडा अशी टांकसाळीचीच अवजारं कोरली. काम साधं आणि अंगमेहनतीचं. चांदीची तापवलेली चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. घाव जरा तिरका बसला की चित्र एका बाजूला सरकतं, अर्धं नाव बाहेर जातं. म्हणून दोन देनारियस कधीच तंतोतंत सारखी नसतात. शिवाय खोटी नाणी तेव्हाही होतीच. आत तांबं, वरून चांदीचा पातळ पत्रा. सराफ संशय आला की नाण्याच्या अंगावर बारीक खूण ठोकून आत काय आहे ते बघायचे. अशा खुणा अंगावर वागवणारी नाणी मला गुळगुळीत नाण्यांहून जास्त आवडतात. ती खरोखर बाजारातून गेलेली असतात.

मतदाराकडे परत यायला हवं, कारण त्या पुलावर चढायचा हक्क मिळावा म्हणून पुढे युद्ध झालं. इटलीतले बाकीचे लोक रोमच्या सैन्यात लढायचे, मरायचे, पण रोमचे नागरिक नव्हते. इ.स.पू. ९१मध्ये त्यांनी बंड केलं, कॉर्फिनियम या गावाला 'इटालिया' नाव देऊन राजधानी केली आणि स्वतःची देनारियस पाडली. वजन, आकार, घडण सगळी रोमची, अक्षरं मात्र काही नाण्यांवर त्यांच्या ऑस्कन भाषेतली. आणि चित्र? इटालियाचा बैल रोमच्या लांडगिणीला शिंगांनी जमिनीवर दाबून चिरडतोय. रोमनांनी ज्या लांडगिणीला आई मानून नाण्यावर मिरवलं, तीच लांडगीण पन्नास वर्षांच्या आत त्याच मापाच्या चांदीवर बैलाच्या पायाखाली. चित्राला चित्रानं इतकं थेट उत्तर दिल्याचं प्राचीन जगात मला दुसरं आठवत नाही. युद्धात बंडखोर हरले, पण नागरिकत्व त्यांना मिळालं. रोमला ते द्यावंच लागलं.

आणि मग चेहरे आले.

तोवर रोममध्ये जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर येत नसे. तो मान देवांचा आणि फार तर मेलेल्या पूर्वजांचा. इ.स.पू. ४९मध्ये सीझर रूबिकन नदी ओलांडून सैन्यासह इटलीत आला तेव्हा त्यानं स्वतःच्या सैन्यासाठी भरमसाट देनारियस पाडली. त्यावर एक दणकट हत्ती आहे, पायाखाली काहीतरी तुडवतोय आणि खाली एकच शब्द: सीझर. पद नाही, घराणं नाही. अजून चेहरा नव्हता, पण नाव एकट्यानं उभं राहायला शिकलं होतं. पाच वर्षांनी, इ.स.पू. ४४च्या सुरुवातीला, चेहराही आला. डोक्यावर पानांचा मुकुट, मानेवर सुरकुत्या, गळ्याचा कंठमणी वर आलेला आणि भोवती लेख: कायमचा हुकूमशहा सीझर. सीझरला टकलाचा फार संकोच होता आणि म्हणून तो मुकुट त्याला विशेष प्रिय होता असं त्याचा रोमन चरित्रकार स्युटोनियस लिहितो. नाण्यावरचा तो मुकुट कपाळावर चांगला खाली ओढलेला आहे. कारागिरानं मात्र मान तरुण केली नाही. पन्नाशी ओलांडलेला थकलेला माणूस त्यानं प्रामाणिकपणे कोरला. ही नाणी लोकांच्या हातात पडून काही आठवडे झाले नाहीत तोच १५ मार्चला सीझरचा खून झाला.

मारणाऱ्यांतला ब्रूटस हा नाण्यांच्या इतिहासातला सगळ्यात कठीण माणूस. दहा वर्षांपूर्वी, इ.स.पू. ५४च्या सुमाराला तो स्वतः टांकसाळ-अधिकारी होता. पाँपी हा बडा सेनापती हुकूमशहा होणार अशी कुजबुज तेव्हा रोममध्ये होती. तरुण ब्रूटसनं नाण्याच्या पुढे स्वातंत्र्यदेवतेचं मुख घातलं आणि मागे आपला पूर्वज, राजाला हाकलून पहिला कॉन्सल, म्हणजे प्रजासत्ताकाचा सर्वोच्च अधिकारी, झालेला जुना ब्रूटस, सेवकांच्या मधून शांतपणे चालत जाताना. त्या नाण्यावर एका शब्दाचाही अतिरेक नाही. तिथून इ.स.पू. ४२मध्ये या, पूर्वेकडे, सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत. मागच्या बाजूला दोन खंजीर, मध्ये मुक्त झालेले गुलाम घालत ती टोपी आणि खाली तारीख: मार्चचा मध्य. खुनाची तारीख नाण्यावर. दोन्ही खंजिरांच्या मुठी वेगवेगळ्या कोरल्या आहेत. आणि पुढच्या बाजूला? स्वतः ब्रूटसचा चेहरा.

मी या नाण्यावर बराच विचार केला आहे आणि दर वेळी त्याच जागी अडते. ज्या माणसानं एकाचाच चेहरा मोठा होतोय म्हणून खंजीर उचलला, त्याला दोन वर्षांत स्वतःचा चेहरा चांदीवर उमटवावा लागला. काही अभ्यासक म्हणतात सैनिकांना पगार कोण देतोय हे कळायला हवं होतं. ते खरंच असेल. सैनिक आता पुलावरून चालत जाणारे मतदार राहिले नव्हते, ते ज्याच्या हातून पैसे घेत त्याची माणसं झाले होते. मला त्यात ब्रूटसचा ढोंगीपणा दिसत नाही. प्रजासत्ताक वाचवायला निघालेल्या माणसाकडेसुद्धा प्रजासत्ताकाची चित्रभाषा उरली नव्हती, एवढंच दिसतं आणि ते जास्त दुःखद आहे. त्याच साली फिलिपीच्या रणांगणावर तो हरला आणि त्यानं जीव दिला.

यानंतर मतदार नाण्यावर परत आला नाही. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात नाणी सुंदर झाली, फार सुंदर. इजिप्त जिंकल्याची खूण म्हणून मगर, आकाशात दिसलेला धूमकेतू म्हणजे देव झालेला सीझर, गुडघे टेकून रोमन निशाण परत करणारा पार्थियन. पण साध्या माणसाला आता फक्त गुडघे टेकायचंच काम. पुढे दोनशे वर्षं शांती, समृद्धी, निष्ठा, सुरक्षितता अशा गुणांच्या देवता रांगेनं उभ्या राहतात. अपवाद आहेत. हेड्रियन सम्राटानं आपल्या प्रवासातल्या प्रांतांची नाणी पाडली. त्यात पहुडलेल्या स्पेनजवळ चक्क एक ससा बसलाय. तो बघितला की बरं वाटतं.

ऑगस्टसचं एक नाणं आपल्याला जवळचं आहे. त्याच्यावर ढाली-भाले घेऊन दोन मुलगे उभे आहेत: गायस आणि लुसियस, ऑगस्टसचे नातू, ज्यांना त्यानं दत्तक घेऊन वारस ठरवलं. लुगदुनम, म्हणजे आजचं फ्रान्समधलं ल्यों, तिथल्या टांकसाळीत ही नाणी प्रचंड संख्येनं पाडली गेली. लुसियस इ.स. २मध्ये गेला, गायस इ.स. ४मध्ये. सिंहासनावर बसला टायबेरियस. आणि दक्षिण भारतातल्या नाणेनिधींत, कोइंबतूर-करूरच्या पट्ट्यात, नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीत, जी रोमन चांदी सापडली तिच्यात या दोन अकाली गेलेल्या मुलांचं नाणं आणि टायबेरियसचं बसलेल्या स्त्रीचं नाणं, या दोनच प्रकारांचा भरणा आहे. मिरी आणि मलमल विकणाऱ्या इथल्या व्यापाऱ्याला गायस कोण आणि लुसियस कोण याच्याशी काय देणंघेणं? त्याला ओळखीचं चित्र हवं होतं, कारण त्या चित्रामागची चांदी चोख असते हे अनुभवानं ठरलेलं होतं.

प्लिनी या रोमन लेखकानं याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवली आहे. तांबड्या समुद्रातला कर वसूल करणाऱ्या एका रोमन मक्तेदाराचा माणूस वाऱ्यानं भरकटत श्रीलंकेला लागला. तिथल्या राजानं त्याला सहा महिने पाहुणा म्हणून ठेवलं. त्याच्याजवळची देनारियस राजानं बघितली. चित्रं निरनिराळी, म्हणजे ती वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी पाडलेली, आणि तरी सगळ्यांचं वजन सारखं. राजाला याचंच कौतुक वाटलं आणि त्यानं रोमला वकील पाठवले. गोष्ट रोमनांनी स्वतःच्या बढाईसाठी सांगितली असणार. पण त्या राजाची नजर मला फार आवडते. चेहरे बदलतात, तराजूचा काटा हलत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं.

तो काटा पुढे हलला. इ.स. ६४च्या सुमाराला नीरो सम्राटानं देनारियसचं वजन कमी केलं. आधी एका रोमन रत्तलात चौऱ्याऐंशी नाणी निघत, आता शहाण्णव काढायची. शिवाय चांदीत तांबं मिसळलं. भारतातल्या निधींमध्ये त्याच्या आधीची नाणीच प्रामुख्यानं आहेत. टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो की जर्मन लोकसुद्धा जुनी, दातेरी कडांची नाणी पारखून घेत. म्हणजे युलिसिस आणि त्याचं कुत्रं ज्या दातेरी घाटाच्या नाण्यांवर आहेत, त्यांवर ऱ्हाइनपलीकडच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या भरवसा होता. रोमच्या सीमेबाहेर दोन टोकांना राहणाऱ्या, एकमेकांची नावंही न ऐकलेल्या माणसांनी एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला आणि ती गोष्ट सम्राटाचा चेहरा नव्हती.

पुढची घसरण मी भरभर सांगते, कारण ती बघवत नाही. सेप्टिमियस सेव्हेरस सम्राटाच्या काळात चांदी निम्म्यावर आली. इ.स. २१५मध्ये कॅराकल्ला सम्राटानं एक नवं नाणं आणलं. त्याची किंमत बहुधा दोन देनारियस, आतली चांदी दीडची. इ.स. २६०मध्ये व्हॅलेरियन सम्राट इराणच्या शापूरच्या कैदेत पडला. त्याच्या मुलाच्या, गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत नाण्यात नावापुरती चांदी उरली, बाकी तांबं, वर पांढरा मुलामा. त्या काळवंडलेल्या नाण्यांवर लिहिलंय: शांती, समृद्धी, चिरंतन सुरक्षितता.

आपल्या पश्चिम दख्खनमध्ये रोमन चांदीचे मोठे निधी सापडत नाहीत, आणि हे आधी चमत्कारिक वाटतं. कारण इ.स.च्या पहिल्या शतकात लिहिलेल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत कल्याण आहे, चौल आहे, पैठण आहे, तेर आहे, आणि भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी नेली तर स्थानिक पैशात बदलताना फायदा होतो, असंही स्पष्ट लिहिलंय. मग ती चांदी गेली कुठे? बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की ती इथं वितळली आणि क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांची, नाणी झाली. नहपान क्षत्रपाची नाणी चांदीची, त्यावर त्याचा चेहरा, भोवती मोडक्या ग्रीक अक्षरांचा लेख. नाशिकच्या पांडवलेणीत त्याच्या जावयाचा, उषवदाताचा, दानलेख आहे. त्यात पस्तीस कार्षापण या चांदीच्या नाण्यांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा भाव निघतो. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला विनिमयाचा दर! भिक्षूंना दान देतानाही हिशेब चोख.

आणि १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजानं, गौतमीपुत्र सातकर्णीनं, स्वतःचा ठसा पुन्हा मारलाय. त्यानं ती वितळवली नाहीत. नहपानाच्या गालावर, नाकावर, कपाळावर थेट तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैनचं चिन्ह ठोकलं, भोवती प्राकृतात आपलं नाव: रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस. घाव कधी पूर्ण बसला, कधी अर्धा. काही नाण्यांत डोंगराच्या कमानीखालून नहपानाचा डोळा अजून बघतोय. त्या निधीतलं एकेक नाणं म्हणजे हरलेल्या आणि जिंकलेल्या राजांचा एकाच चांदीवरचा मुक्काम.

गौतमीपुत्रानं त्या घावात स्वतःचा चेहरा नाही ठोकला, डोंगर ठोकला. मला तो निर्णय आवडतो. त्याच्या मुलाला, वासिष्ठीपुत्र पुळुमावीला तो पुरला नाही. पुळुमावीच्या आणि पुढे यज्ञ सातकर्णीच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आहे, एका बाजूचा लेख प्राकृतात आणि दुसऱ्या बाजूचा दक्षिणेकडच्या भाषेत. यज्ञ सातकर्णीच्या डोक्यावरचे कुरळे केस कारागिरानं एकेक करून कोरले आहेत.